देवाच्या कानावर

कंबरदुखीनं चिंडनला पार पिळून काढलं होतं. एक्स-रेत काही निघेना. डॉक्टर म्हणाले, "दुखणं आता कमरेत नाही, मेंदूत मुरलंय." पण केरळातल्या तेय्यम या देवनाचासाठी तोंड रंगवून जड मुकुट चढवला, की चिंडनचा देव व्हायचा आणि कळ कुठल्या कुठं पळायची.

यंदाही देव निखाऱ्यांवर नाचला, मग पाटावर बसून एकेकाच्या हातावर हळद ठेवू लागला. रांगेत त्याचीच बायको, नाराणी.

"देवा, आमच्या घरधन्याची कंबर तेवढी बरी कर."

"होईल बरी, लेकी."

मुकुट उतरला आणि चिंडन कण्हत चटईवर कलंडला. तेल चोळता चोळता नाराणी म्हणाली, "आज देवाच्या कानावर घातलंय मी."

"त्याला काय कळणार?" चिंडन भिंतीकडे वळला. "त्याची कंबर कुठं दुखते!"