फुगा फुगला तेव्हा

मनगटातून सरकवलेली बारीक नळी हृदयापर्यंत पोहोचली, तेव्हा टेबलावरचा धाकटा टक्क जागा होता. काचेपलीकडे थोरला भाऊ उभा होता. "मी आहे ना, तू कशाला जिवाला घोर लावून घेतोस?" असं म्हणत सगळ्या सह्या त्यानेच केल्या होत्या. त्याच्या स्वतःच्या हृदयापुढे मात्र डॉक्टरांनी वर्षापूर्वीच हात टेकले होते.

"आता नळीतला फुगा फुगवतोय," डॉक्टर म्हणाले. "छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटेल."

पडद्यावर चिंचोळी रक्तवाहिनी रुंदावली. धाकट्याला काहीच वाटलं नाही.

काचेपलीकडे थोरल्याने छाती गच्च धरली.

डॉक्टरांनी फुगा सोडला, तसा त्याचा हात खाली आला. पुन्हा फुगवला, पुन्हा तेच झालं. थोरल्याच्या काळवंडलेल्या ओठांवर हळूहळू लाली चढली.

"दादा?" धाकटा म्हणाला. थोरल्याने नजर चुकवली.

"झाली मोकळी," डॉक्टर पडद्याकडे बघतच म्हणाले. "आता कसं वाटतंय?"

"अगदी हलकं," काचेपलीकडून थोरला म्हणाला.

"छान," म्हणत डॉक्टरांनी नळी काढून घेतली.

थोरला पाठ फिरवून ताडताड चालत निघून गेला, आणि मग धाकट्याच्या छातीवर दगड येऊन बसला.