पंपावरचा आकडा

माझ्या सहा वर्षांच्या लेकीची छाती तपासताना डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. नवरा लगेच सुरू झाला, "हिला नोकरीपुढे घर दिसत नाही. धूळ साचते, पोरीला दम लागतो." सकाळी मी कामावर असते, म्हणून दम्याचा पंप तिला तोच देतो. पंपावरचा उरलेल्या डोसांचा आकडा रोज दोनने उतरतो, तेवढं मी न चुकता बघते; बाईंनाही तेच सांगितलं. "औषध वेळेवर जातंय, तरी दमा आटोक्यात नाही. म्हणजे डोस वाढवावा लागेल," बाई म्हणाल्या. "आधी पंप कसा घेतेस ते दाखव, बाळा." लेक कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेली. पंप नीट हलवून तिने तो बेसिनमध्ये दोनदा दाबला आणि नळ सोडला. "बाबा रोज असंच करतात." नवरा उलट माझ्यावरच उसळला, "पंपाची सवय लागली असती तिला!" मी विचारलं, "श्वास घ्यायची?"