रविवारचं शेवाळ

आमच्या खाऱ्या पाण्याच्या फिशटँकमध्ये दर आठवड्याला शेवाळ माजतं. नवऱ्याने सगळे उपाय करून पाहिले. दिवे कमी केले, पाणी बदललं, शेवाळ खाणाऱ्या गोगलगाईसुद्धा आणल्या. शेवटी दुकानदार म्हणाला, "माशांना खाणं जास्त पडतंय. उरलेलं कुजतं आणि शेवाळाचं फावतं." झालं, खाण्याचा डबा कपाटात कुलूपबंद झाला. तरी रविवार उजाडला की बापलेक बाह्या सरसावून टँकपुढे हजर! नवरा जुन्या टूथब्रशने दगड घासतो, सासरे बादली धरतात आणि दोघांच्या गप्पांना नुसता ऊत येतो.

काल दुपारी मी सासऱ्यांना रंगेहाथ पकडलं. पेपरांच्या गठ्ठ्यामागून त्यांनी भलताच एक डबा काढला आणि चांगले दोन चमचे दाणे टँकमध्ये सोडले.

"बाबा! म्हणजे हे तुमचे उद्योग?"

"हळू बोल गं. शेवाळ गेलं, तर तो माझ्यापाशी दोन तास बसेल कशाला?"

मीच तो डबा परत गठ्ठ्यामागे सरकवला. पण आज घासून घासून वाकलेल्या नवऱ्याची मला दया आली. सासरे बादली ओतायला बाथरूममध्ये गेले, तसं मी म्हटलं, "दुकानात शेवाळावर जालीम औषध आलंय म्हणे. आणू का?"

त्याने बाथरूमकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"औषध राहू दे. पेपरांमागचा बाबांचा डबा संपत आलाय, तेवढा नवा घेऊन ये."