एक वर्षाची अट

“एक वर्ष थांबू. पण त्या दुकानात पाय ठेवायचा नाही,” किशोर म्हणाला आणि त्याला खोकला आला.

हेडफोन हल्ली त्याच्या कानशिलांना टोचायचे, म्हणून लॅपटॉपचा आवाज मोठा होता. स्वयंपाकघरात भाजी चिरत असलेल्या स्नेहलला तिघांचंही बोलणं ऐकू येत होतं.

“एकाच अडत्याकडं कांदा घाला म्हनलं तर शेतकरी बाजार बंद पाडतील,” हिरामण म्हणाला. तो देवळ्यात कांद्याचा व्यापार करायचा. “आन् आपण गप ऱ्हायचं? नाय जमणार.”

“जो तिथून खेळ घेईल तो गद्दार,” अमोल म्हणाला. तो ओझरच्या कारखान्यात किशोरच्याच विभागात होता. “किशोर, तुझा भरवसा नाही. तू पहिला फुटशील.”

“मी? आणि स्नेहल फुटू देईल? सेल लागल्याशिवाय ती मीठसुद्धा घेत नाही.”

तिघेही हसले. स्नेहलही हसली.

तिघांच्या आवडत्या, जहाजांच्या कॉम्प्युटर खेळाचा तिसरा भाग ऑगस्टमध्ये आला होता. दुसऱ्या भागाच्या शेवटी जहाज बर्फात अडकतं आणि कप्तान मदत आणायला एकटा चालत निघतो. तो परत येतो का, हे कळायला किशोर चार वर्षं थांबला होता. आणि आता खेळ बनवणाऱ्या कंपनीने एका नव्या ऑनलाइन दुकानाशी करार केला होता. पहिलं वर्षभर हा भाग फक्त तिथेच मिळणार होता. किशोरचे अकरा वर्षांचे सगळे खेळ, सगळे मित्र, अर्धवट राहिलेल्या सगळ्या सफरी जुन्या दुकानात होत्या. नव्या दुकानात साधी मित्रांची यादीही धड चालत नव्हती, असं अमोलचं म्हणणं होतं. तिघांनी ठरवलं होतं, पुढच्या ऑगस्टमध्ये खेळ जुन्या दुकानात आला की एकाच दिवशी घ्यायचा.

ही बातमी जूनमध्ये आली तेव्हा किशोर दोन दिवस धुसफुसत होता. “एक वर्ष काय, असं जाईल,” स्नेहल तेव्हा म्हणाली होती.

जुलैमध्ये स्कॅन झाला. किशोरला बाहेरच्या बाकावर बसवून डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. ते फार बोलले नाहीत. “दिवाळीनंतरचं काही ठरवू नका,” एवढंच म्हणाले.

किशोरला सांगायचं नाही, हे तिने दारापर्यंत येतानाच ठरवलं. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. नीटनेटकेपणा तिच्या अंगात होता. फाइलमधली दोन पानं तिने काढली आणि प्रयोगशाळेतल्या कपाटात कुलपात ठेवली. गोळ्या पाकिटातून काढून वारांच्या डबीत भरल्या, म्हणजे नावं वाचायला नकोत. किशोरला, सासूबाईंना, अमोलला, शेजारच्या लताबाईंना तिने एकच वाक्य सांगितलं : स्वादुपिंडाला सूज आहे, औषधं लांबणार आहेत, पण बरं होईल. शब्दही बदलला नाही. किशोरने कधी उलटं विचारलं नाही.

मित्रांशी बोलणं संपवून त्याने लॅपटॉप मिटला.

“जाईल ना गं एक वर्ष?”

स्नेहलने नळ सोडला. भाजी आधीच धुतलेली होती.

“जाईल,” ती म्हणाली.

शनिवारी दुपारी गोळी घेऊन तो झोपला. स्नेहल लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. नव्या दुकानात तिने त्याच्या नावाने खातं उघडलं. जन्मतारीख घातली. मोबाइलवर आलेला आकडा भरला. खेळाला कसलीही सवलत नव्हती. तिने पूर्ण किंमत भरली. डाउनलोडला साडेतीन तास दाखवत होते. ती तिथून उठली नाही. वीज जाऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं. त्यांच्या इंदिरानगरात त्या आठवड्यात दोनदा वीज गेली होती.

किशोर उठला तेव्हा लॅपटॉप त्याच्या पलंगाजवळच्या स्टुलावर होता. पडद्यावर बर्फ होतं, आणि बर्फात अडकलेलं जहाज.

त्याने स्टूल जवळ ओढलं. मग लहान मुलासारखा हसला.

“अगं, अमोल जीव घेईल माझा.”

“त्याला सांगायचंच कशाला?”

“सेल लागला होता?”

“नाही.”

“मग?”

“रोज तुमची तीच भांडणं ऐकून कंटाळले. म्हटलं, घेऊन टाकू.” हे वाक्य तिने साडेतीन तासांत तयार केलं होतं. आवाज नेहमीसारखाच निघाला. “खेळ ना. मी चहा टाकते.”

किशोरने कंट्रोलर हातात घेतला. अंगठे बटणांवर ठेवले. पडद्यावर ‘सुरू करा’ अशी पाटी उघडझाप करत होती. त्याने बटण दाबलं नाही.

“स्नेहल.”

ती दारात थांबली.

“आपला कुकर फुटला होता, आठवतं? तू चार महिने पातेल्यात भात केलास. दिवाळीच्या सेलमध्ये स्वस्त मिळेल म्हणून.”

“त्याचं काय आता?”

त्याने कंट्रोलर चादरीवर ठेवला. त्याचा आवाज अगदी हलका होता, आणि त्यात राग नव्हता.

“डॉक्टर किती महिने म्हणाले?”