तिसरी ओळ

सोलापूरच्या दवाखान्यातले अवघड कागद सोप्या मराठीत आणण्यात सरोजिनीबाईंची हयात गेली. सांगोल्याच्या म्हातारीलाही एका वाचनात कळलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

आज नवऱ्याच्या ऑपरेशनच्या आधी सिस्टरनं त्यांनीच लिहिलेला फॉर्म सहीसाठी त्यांच्या पुढ्यात धरला. तिसरी ओळ होती, 'या ऑपरेशनमध्ये पेशंटचा जीव जाऊ शकतो.'

स्ट्रेचरवरून एकनाथरावांनी घाबऱ्या आवाजात विचारलं, "माझा चष्मा काढून घेतलाय गं. वाच की, काय लिहिलंय?"

कितीतरी वर्षांपूर्वी स्वतःच खोडून टाकलेली ओळ बाईंनी एका दमात म्हटली, "सदर शस्त्रक्रियेदरम्यान उद्भवणाऱ्या संभाव्य गुंतागुंतीस रुग्णाची संमती आहे."



"हात्तिच्या, एवढंच व्हय! मग कर की सही."