टॉफीची जुनी वाटी

टॉफीनं वाटी हुंगली, मिशा झटकल्या आणि पाठ फिरवली.

"कालपासून पोटात काही नाही हिच्या," मॅव्हिस म्हणाली.

क्लिफर्ड पिंजऱ्यापुढे गुडघे टेकून बसला होता. मुंगसासारखं लांबट अंग असलेली ती फेरेट दिवसेंदिवस वाळत चालली होती. दुकानातल्या कोरड्या गोळ्या तिला सोसेनाशा झाल्या होत्या. खाल्लेलं उलटून पडत होतं. कच्च्या मांसावर आणा, नाहीतर उन्हाळा काढणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

कुंपणावरून शेजारच्या बॅरीनं डोकं काढलं. "दोन दिवस उपाशी ठेव. झक मारत खाईल."

"मरेल लेका, पण खाणार नाही," क्लिफर्ड म्हणाला. "पिल्लू असताना ज्याचा वास ओळखीचा झाला, तेच हिचं अन्न. बाकी सगळी माती."

"म्हणजे थेट मालकावर गेलीय!"

क्लिफर्डही हसला. ती गोष्ट खाणीच्या वस्तीत सगळ्यांना पाठ होती. मॅव्हिसचे वडील गेले तेव्हा ती माहेरी, समुद्रकाठच्या स्कारबरोला गेली, आणि क्लिफर्ड शेजाऱ्यांनी आणलेल्या ताटांना न शिवता बसून राहिला. शेवटी अंगणात चक्कर येऊन पडला. मॅव्हिस दफनविधीच्या टोपीतच परत आली. त्यानंतर ती एक रात्रही बाहेर राहिली नव्हती. दर नाताळला तिची बहीण ऑड्री स्कारबरोहून फोनवर म्हणे, "ये गं, समुद्राकडची खोली तुझ्यासाठीच ठेवलीय." आणि मॅव्हिस म्हणे, "क्लिफर्डच्या जेवणाचं काय?"

संध्याकाळी ती कुठूनही परतून बसमधून उतरे तेव्हा तो स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा असे. पत्र्याच्या आडोशाचा बसथांबा रस्त्यापलीकडे बरोबर समोर होता.

"मग करायचं काय हिचं?" तिनं विचारलं.

"फसवायचं. पण इतकं हळू, की तिला कळता कामा नये."

"नीट सांग. मांस मलाच कापायचंय."

त्यानं सांगितलं. आधी गोळ्यांना नुसता मांसाचा ओशट हात लावायचा. मग गोळ्यांत कणभर खिमा. मग गोळ्या कमी, खिमा जास्त. तिनं नाक मुरडलं की एक पाऊल मागं यायचं. रागवायचं नाही, घाई करायची नाही.

दुसऱ्या दिवसापासून मॅव्हिस कोंबडीची काळजं बारीक चिरू लागली.

"क्लिफर्ड, ग्रेव्ही ढवळ जरा. माझे हात बरबटलेत."

"मी?"

"चमचा गोल फिरवायचा. खाणीत याहून अवघड कामं केलीस तू."

त्यानं ढवळली. गुठळ्या झाल्या. त्यानं कुरकुर केली, पण ताट पुसून खाल्लं.

टॉफीनं ओशट गोळ्या खाल्ल्या. पुढे कणभर खिमा असलेल्याही. क्लिफर्ड रोज बॅरीला बातमी देई. एकदा खिमा जास्त पडला आणि तिनं वाटी उलटवली. त्याच दिवशी मॅव्हिसनं त्याला बटाटे उकडायला सांगितले, आणि त्यानं सुरी आपटली. मॅव्हिसनं बटाटे स्वतःच उकडले. पुढचे काही दिवस त्यानं फक्त ग्रेव्ही ढवळली.

गावातल्या खाटकाकडे कोंबडीच्या हाडासकट माना मिळत नव्हत्या. त्या आणायला मॅव्हिस शहरात जाऊ लागली. परतीची बस चुके. "पाय ओव्हनमध्ये ठेवलाय," ती फोनवर सांगे, "मटणाचा पाय रे. भाजला की काढ फक्त." तो काढी. टॉफी पुढच्या टप्प्यावर होती, त्यामुळे तक्रार करायला तोंड नव्हतं. एकदा शर्टावर चरबी उडाली, तेव्हापासून तो मॅव्हिसचा एप्रनही बांधू लागला.

मग ऑड्रीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. मॅव्हिस तिच्याकडे एक रात्र राहिली. क्लिफर्डनं अंडी तळली. पुढच्या खेपेला दोन रात्री. त्यानं मटणाचे चॉप भाजले.

"मीठ जास्त झालं," तो फोनवर म्हणाला.

"ठेवलेत का मग तसेच?"

"नाही. खाल्ले."

"बरं," मॅव्हिस म्हणाली.

शनिवारी दुपारी त्यानं टॉफीपुढे नुसती कोंबडीची मान ठेवली. एकही गोळी नाही. बॅरीला दंडाला धरून कोळशाच्या कोठीत ओढलं आणि दार फटीएवढं उघडं ठेवलं.

"आता लपायचं कशाला?" बॅरी कुजबुजला.

"शेवटच्या दिवशी जुनी वाटी उचलायची आणि नजरेआड व्हायचं. आपण दिसलो की ती पुन्हा जुनंच मागणार. पण जायचं मात्र नाही, पहिला घास घेतलेला बघेपर्यंत. न खाता राहिली तर जिवावर बेतेल."

टॉफीनं मान हुंगली. उचलली. हाड कडकन मोडल्याचा आवाज आला.

"खाल्लं गं!" क्लिफर्ड घराकडे ओरडला. "मॅव्हिस! खाल्लं!"

तो आत आला. स्वयंपाकघर रिकामं होतं. गेली असेल माना आणायला. ओट्यावर दोन चॉप होते, कच्चे. त्यानं हात धुतले, खुंटीवरचा एप्रन बांधला, तवा तापवला. चॉप तडतडत असताना समोर एक बस थांबून निघून गेली. बटाटे मऊ झाले होते, ग्रेव्हीत गुठळी नव्हती. ताट घेऊन तो खिडकीशी बसला आणि पहिला घास तोंडात घातला. मीठ बेताचं होतं.

ताट धुऊन ठेवायला फडताळ उघडलं, तर तिथे एकाच ताटाची जागा होती. मॅव्हिसचं ताट नव्हतं. तिचा कप नव्हता. दाराजवळ तिचा जाड कोट नव्हता, आणि कोटाखालची मोठी बॅगही.

तो खिडकीकडे वळला. रस्त्यापलीकडे स्कारबरोची बस नुकतीच सुटत होती. मागच्या काचेत दफनविधीची ती जुनी टोपी दिसली. ती वळली नाही.

मघाची बसही स्कारबरोचीच होती. ती तिनं सोडली होती.