गार हात

“थंडगार तर आहेस की!” लेकीच्या कपाळावरचा हात काढत आई म्हणाली. “ऊठ. सोंगं पुरे झाली.”

“खरंच अंग दुखतंय गं.”

“अंगठा बघू.”

नऊ वर्षांच्या पोरीने पांघरुणातून हात बाहेर काढला. ती खोटं बोलली की तिचा अंगठा मुठीत जाऊन लपायचा. कितीही ठरवलं तरी लपायचाच. त्यावरून दोघी पोट धरून हसायच्या. आज अंगठा बाहेर होता. आई जरा घुटमळली. पण अंगठ्यापेक्षा तिचा स्वतःच्या हातावर जास्त भरवसा होता. तो हात आजवर कधी चुकला नव्हता. तिने पोरीच्या पाठीवर दप्तर चढवलं आणि तिला शाळेत सोडून ती कामावर गेली.

केकवर बसतात ती चॉकलेटची फुलं ती करायची. इतरांच्या चिमटीत पाकळी मऊ पडायची, हिच्या चिमटीत ती पातळ व्हायची, कडेला मुडपायची, पण विरघळायची नाही. सगळ्या तिला गारठाबाई म्हणायच्या. “हिला टाळी देऊ नका गं, सर्दी होईल!” घरी लेकीला ताप आला की औषधाच्या आधी तोच हात लागायचा. “गार हात दे,” एवढंच म्हणायची पोर, आणि त्या हाताखाली झोपून जायची.

मग दोन महिन्यांपूर्वी पोटात गाठ निघाली. शस्त्रक्रियेत गर्भाशय गेलं, दोन्ही अंडाशयं गेली. वय छत्तीस. “रजोनिवृत्ती बाकीच्या बायकांना वर्षानुवर्षं हळूहळू येते, ती तुम्हांला एका दिवसात आली,” डॉक्टर म्हणाल्या. त्यावर गोळी होती, पण गाठ ज्या जातीची होती तिला ती चालणार नव्हती. म्हणजे सोसायचं. आतून लोळ उठायचा, छातीतून मानेवर चढायचा, दंडांवरून तळहातांत उतरायचा. ही आग कुणी लावली नव्हती, म्हणून ती विझवायची कशी हेही कुणाला ठाऊक नव्हतं. भेटायला येणारे म्हणायचे, जीव वाचला ना, झालं तर मग. ती मान हलवायची. वाचलेला जीव कुणाचा आहे, हे तिला ओळखू येत नव्हतं.

आज रजा संपवून ती कामावर आली होती; थंड खोलीत तिने पहिली पाकळी उचलली. ती बोटांवर पसरली. दुसरी उचलली. ती मनगटापर्यंत ओघळली. मालकीणबाई मागे उभ्या होत्या, किती वेळ कोण जाणे.

“गारठाबाई,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “उद्यापासून खोकी भरायला बस. फुलं दुसरी कुणी करेल. मनाला लावून घेऊ नकोस हं.”

ती हात धूत होती तेव्हा शाळेतून फोन आला. पोर वर्गात कोसळली होती. अंगात सणसणून ताप होता.

“सकाळी कुणी अंगाला हात लावून पाहिलं नव्हतं का?” वर्गाच्या बाईंनी विचारलं.

“पाहिलं होतं,” ती म्हणाली. सकाळी गळ्याशी चिकटलेला ओला गाऊन तिला आठवला. स्वतःच्या आगीपुढे तिला लेकीचा ताप थंड लागला होता.

संध्याकाळ झाली. औषध देऊन झालं होतं, पट्ट्या ठेवून झाल्या होत्या. घरात दोघीच. आई पलंगाशी बसली होती, हात मांडीखाली दाबून. त्या हातांना आता काही कळत नव्हतं. ना फूल, ना लेकरू. मधेच ती उठली, नळाखाली हात धरून उभी राहिली, बोटं बधिर होईपर्यंत. परत येऊन बसते न बसते तोच आतून लोळ उठला. मान भिजली. तळवे पेटले.

तेवढ्यात पोरीने डोळे किलकिले केले.

“आई, गार हात दे.”

“पट्टी बदलते हं राणी.”

“पट्टी नको. हात.”

पोरीने मांडीखालून तिचा हात ओढला आणि स्वतःच कपाळावर ठेवला. विस्तवावर विस्तव ठेवल्यासारखा तो तिथे टेकला. आईच्या मनगटावरून घामाचा थेंब घसरला, पोरीच्या भुवईत उतरला. पोरीने आईच्या तोंडाकडे पाहिलं.

“किती गार आहे गं,” ती म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.

तिचा दुसरा हात चादरीवर पडला होता. त्याचा अंगठा मुठीत होता.